आखाजीचं मूळ

सारिका लग्न होऊन पुण्याला गेली, त्या वर्षापासून दर आखाजीला तिला आणायला तिचे वडील रुपचंद जायचे. अक्षय्य तृतीयेला आमच्या खानदेशात आखाजी म्हणतात. झाडांना झोके बांधतात, सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, आणि त्यांना आणायला घरातून माणूस जातो. त्या माणसाला मूळ म्हणायचं. बाप जातो, नाही तर भाऊ. मूळ आल्याशिवाय मुलीने निघायचं नाही, अशी जुनी रीत.

सारिकाला खरं तर मुळाची गरज नव्हती. ती हवामानाचा अंदाज काढणाऱ्या एका संस्थेत कामाला होती आणि स्वतःची गाडी स्वतः चालवायची. "बाबा, मी येते ना माझी माझी," ती म्हणायची. रुपचंद म्हणायचे, "मग मूळ कशाचं? ते कुरिअर झालं." आणि अमळनेरहून धुळ्याला, धुळ्याहून पुण्याच्या एस.टी.त बसून ते जायचेच. मांडीवर बिबड्यांचा डबा असायचा. ज्वारीचे पापडासारखे बिबडे धक्क्याने मोडतात, म्हणून डबा ते फळीवर ठेवत नसत आणि पायाशीही नाही. येताना सारिका गाडी घरी ठेवून त्यांच्याबरोबर एस.टी.ने यायची. ती खिडकीशी, ते शेजारी. त्या शेजारी बसण्यासाठीच नवऱ्याचा हा सगळा खटाटोप आहे, हे लताबाईंना माहीत होतं.

मग रुपचंद गेले. त्यानंतरच्या पहिल्या आखाजीला लताबाईंनी त्यांच्या नावाने घागर भरली, वर खरबूज ठेवलं, नैवेद्य दाखवला. सारिका आली नाही. सकाळी तिचा फोन आला. "आई, कामं फार आहेत."

"हो गं. मला कळतं," लताबाई म्हणाल्या. सारिकाच्या पलंगावर घातलेली धुतलेली चादर त्यांनी दुपारी घडी करून परत कपाटात ठेवली.

आता पुन्हा आखाजी जवळ आली होती. सारिका यंदा तरी यावी, एवढंच लताबाईंना हवं होतं. पण 'ये' असं त्या म्हणाल्या नव्हत्या. मुलगी कामाची, तिच्यावर ओझं कशाला टाकायचं, असं त्यांना वाटे. जन्मभर गणित शिकवलेल्या बाई त्या. वर्गात त्यांचं एकच वाक्य सगळ्या पिढ्यांना पाठ होतं : आधी ऐकून घ्या, मग बोला. घरीही त्या तशाच वागत.

रोजचा फोन आता फार लहान झाला होता.

"जेवलीस?"

"जेवले. तू?"

"जेवले. ऊन फार आहे का तिकडे?"

"आहे."

रुपचंद असताना हाच फोन तासभर चालायचा. ते सारिकाला काहीही विचारत. तुमच्या संगणकाला घाम येतो का, पाऊस चुकला तर पगार कापतात का. लताबाईंना असं विचारता येत नसे. एकदा त्यांनी धीर करून विचारलं होतं, "तू नेमकं करतेस तरी काय गं?"

"खूप संगणक एकत्र जोडायचे आणि एकच मोठं गणित त्यांना वाटून द्यायचं. सगळे एकाच वेळी सोडवतात. पॅरलल प्रोग्रॅमिंग म्हणतात. जाऊ दे आई, सांगत बसले तर तास जाईल."

लताबाईंकडे तास होता. त्यांच्याकडे आता तासच तास होते. पण 'बरं' म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्या आपल्या जुन्या शाळेत गेल्या आणि सुट्टीपुरती संगणकाच्या खोलीची परवानगी घेऊन आल्या. पुस्तकं वाचून सारिका करते तसलं काहीतरी आपणही उभं करायचं, अगदी लहानसं का होईना. आखाजीला ती आली की तिला खोलीत नेऊन दाखवायचं. मग बोलायला काहीतरी असेल.

खोलीची किल्ली शिपाई उखर्डूकडे. त्याने दार उघडलं, आत डोकावला आणि म्हणाला, "अक्का, हाई बठ्ठं भंगार शे. यास्ले विकीसन पंखा ल्या."

विकून पंखा घ्यावा असं भंगारच होतं. एक जाडजूड जुना संगणक, सुरू व्हायला पाच-सात मिनिटं घेणारा. त्याच्यापेक्षा थोडा बरा दुसरा. सुट्टीत त्यांच्याकडे शिकायला येणारा नववीतला मनन घरच्या दुकानातला बिलाचा संगणक घेऊन आला. त्याच्या वडिलांनी, निर्मलकुमारांनी, नवा घेतला होता म्हणून हा सुटला. आणि चौथा म्हणजे तळहाताएवढी एक हिरवी पट्टी. लताबाईंनीच ती मागवली होती. तिच्यावरचा प्रोसेसर मोबाइलमध्ये असतो त्या जातीचा.

"हाही संगणकच?" तहरीमने विचारलं. ती मननच्या वर्गातली. तिचे अब्बू नूर महंमद कूलर आणि पंखे दुरुस्त करत. एक टेबल पंखा ती दुकानातून उचलूनच घेऊन आली होती.

"हाही संगणकच."

"अक्का, हा तर माझ्या कंपासपेटीत मावेल."

"म्हणून तर जपून ठेव. चुकून कंपासपेटीत घेऊन जाशील."

मुलांनी यंत्रांना नद्यांची नावं दिली. मननच्या दुकानातला सगळ्यांत ताकदवान, तो तापी. बरा होता तो गिरणा. हिरवी पट्टी पांझरा. आणि पाच-सात मिनिटांनी जागा होणारा म्हातारा, तो बोरी.

"आपल्याच गावच्या नदीला सगळ्यांत मठ्ठ यंत्र?" लताबाई म्हणाल्या.

"आपल्याच नदीला पाणी नाही ना, अक्का," तहरीम म्हणाली.

चौघांना तारेने नेटवर्कच्या एका खोक्याला जोडलं. पण तारेने जोडलं म्हणजे ओळख झाली असं होत नाही. प्रत्येकाला बाकीच्या तिघांची नावं आणि पत्ते सांगावे लागले. दर वेळी पासवर्ड विचारत बसू नये म्हणून प्रत्येकाची किल्ली इतरांकडे ठेवावी लागली. "म्हणजे शेजारणीकडे घराची किल्ली ठेवतो तसं," तहरीम म्हणाली, आणि लताबाईंना वाटलं, आपल्यापेक्षा ही चांगली शिक्षिका होईल.

मग खरं सॉफ्टवेअर. त्याला एमपीआय म्हणतात. अनेक संगणकांनी एकमेकांना निरोप पाठवत एकच काम वाटून करावं, यासाठीची ती सोय असते. मननने भराभर सगळ्यांत नवी आवृत्ती उतरवून घेतली. तापीवर बसली, गिरणा आणि पांझरावरही बसली. बोरीवर काही केल्या बसेना. तो इतक्या जुन्या जातीचा होता की नव्या आवृत्तीने त्याच्याकडे बघणंच सोडून दिलं होतं.

"बोरीला काढून टाकू," मनन म्हणाला. "तिघांत भागेल."

"आणि तिघांपैकी एक उद्या म्हातारा झाला की?" लताबाईंनी विचारलं.

मनन पुन्हा कीबोर्डशी बसला. मग एक मागची आवृत्ती शोधली, बोरीला झेपेल अशी, आणि चौघांवरही तीच बसवली. एकाकडे नवी आणि दुसऱ्याकडे जुनी असून चालत नाही, एकमेकांचे निरोप कळत नाहीत. शिवाय यंत्रं वेगवेगळ्या जातीची आहेत, हेही ते सॉफ्टवेअर बांधतानाच, म्हणजे त्या त्या यंत्राजोगं तयार करतानाच, सांगून ठेवावं लागतं. बोरीवर ते बांधून व्हायला सकाळची दुपार झाली. पत्रा तापलेला, पंखा गरम हवा फेकतोय, आणि पडद्यावर अक्षरं मुंगीच्या चालीने वर सरकताहेत. पुढे मुलांनी तापीवर तयार केलेला प्रोग्रॅम उचलून पांझरावर ठेवला, तर तो चालेच ना.

"प्रोग्रॅम एकच लिहायचा," लताबाईंनी सांगितलं, "पण ज्याच्या त्याच्या बोलीत उतरवून द्यायचा. मनन, उखर्डूभाऊंना तू घरच्या मारवाडीत हिशेब सांगितलास तर?"

"ते आधीच पळून जातील."

त्या दिवशी जमलं ते एवढंच : हजेरी. प्रत्येक यंत्राने आपलं नाव सांगायचं. तापी हजर. पांझरा हजर. गिरणा हजर. लताबाई आणि मुलं पडद्याकडे बघत थांबली. गैरहजेरी मांडावी एवढा वेळ गेला आणि उमटलं, बोरी हजर. तहरीमने टाळ्या वाजवल्या. लताबाईंनी इतकी वर्षं हजेरी घेतली होती, पण 'हजर'ला टाळ्या आजच वाजवल्या.

त्या संध्याकाळी सारिकाचा फोन आला.

"काय करतेस दिवसभर?"

"काही नाही. मुलं येतात शिकायला." लताबाईंना सांगायचं नव्हतं, दाखवायचं होतं.

"बरं," सारिका म्हणाली. "आखाजी आलीच ना गं आता."

"आलीच."

"बाबा असते तर एव्हाना त्यांची पिशवी भरून झाली असती."

"हो ना," लताबाई म्हणाल्या आणि पुढच्या वाक्याची वाट बघत राहिल्या. आता ती म्हणेल, मी येते. आधी ऐकून घ्यावं. पलीकडून कुकरची शिट्टी ऐकू आली, दूर कुठेतरी गाडीचा हॉर्न.

"चल, ठेवते मग," सारिका म्हणाली.

मुलांसाठी लताबाईंनी खऱ्या कामाचं गणित निवडलं होतं. शाळेचा पत्रा. सकाळी ऊन एका कडेला पडतं, मग उष्णता पत्र्यावर कशी पसरत जाते, कुठे किती तापतो, ते काढायचं. पत्र्याचे चार पट्टे पाडले, प्रत्येक नदीला एक. आधी मुलांनी चौघांना सारखेच पट्टे दिले, कारण शाळेत सगळं सारखं वाटायचं असतं. लताबाईंनी चौघांचा वेग वेगवेगळा मोजायला लावला. मग तहरीमने स्वतःच बोरीचा पट्टा अरुंद केला आणि तापीचा रुंद.

"हा अन्याय नाही ना, अक्का?"

"ज्याला जेवढं झेपतं तेवढं. पंगतीतून सगळ्यांनी बरोबर उठायचं, हा न्याय."

पट्टे वेगळे असले तरी पत्रा एकच. गिरणाच्या पट्ट्याची कड बोरीच्या कडेला लागून. शेजाऱ्याची कड किती तापली, हे कळल्याशिवाय आपली कड काढता येत नाही. म्हणून दर फेरीला प्रत्येकाने शेजाऱ्याची कड विचारून घ्यायची आणि आपली सांगायची, मगच पुढे जायचं. हा भाग मुलांनी घरी बसून, अगदी मनापासून लिहिला होता.

सकाळी प्रोग्रॅम सुरू केला. चारी यंत्रं घोंगावू लागली. तापीचा पंखा तर विमानासारखा. बोरीच्या पेटीवर हात ठेवला तर चटका बसेल.

"चाललंय!" मनन नाचला. "ऐका आवाज! कसले राबताहेत!"

तासाभराने पडदा कोराच होता. "गणित मोठं आहे," लताबाई म्हणाल्या. मुलांनी डबे खाल्ले. नूर महंमदांचा पंखा बोरीकडे वळवला. दुपार कलली. उखर्डू येऊन उंबऱ्याशी बसला.

"पोरी, तुनी माय वाट दखी राह्यनी. घर जा."

"थांबा ना, उखर्डूभाऊ. काम चालू आहे त्यांचं."

"काय काम?" उखर्डू म्हणाला. "बठ्ठा नुसता तपी राह्यनात."

लताबाईंनी आकडे छोटे करून बघितले. एवढासा पत्रा, एकच फेरी. हाताने केलं तर वहीच्या एका पानावर सुटेल असं गणित. तरी यंत्रं घोंगावतच राहिली आणि पडदा कोराच. तेव्हा त्यांनी सगळं बंद केलं, खडू घेतला आणि मुलांना उभं केलं.

"आपणच यंत्रं होऊ. मनन तापी. तहरीम गिरणा. मी बोरी. उखर्डूभाऊ, तुम्ही पांझरा. या, उभे राहा. आता तुमचा प्रोग्रॅम जसा लिहिलाय तसाच वाचायचा आणि तसंच वागायचं. पहिली ओळ काय?"

तहरीमने कागद वाचला. "शेजाऱ्याचं ऐकून घ्या."

चौघं एका ओळीत उभे राहिले. मनन तहरीमकडे बघत होता, तहरीम लताबाईंकडे. लताबाई तहरीमकडे. उखर्डू सगळ्यांकडे. बाहेर एक फेरीवाला आईसकांडी ओरडत गेला. कुणी काही बोलेना.

"दुसरी ओळ काय गं?" शेवटी लताबाईंनी विचारलं.

"आपलं सांगा. पण अक्का, पहिली झाल्याशिवाय दुसरी होत नाही." तहरीमचा आवाज बारीक झाला. "आम्ही तुमचंच लिहिलं. आधी ऐकून घ्या, मग बोला."

"सगळ्यांना तेच लिहून दिलं," मनन म्हणाला. "म्हणजे सकाळपासून चौघं नुसते कान लावून बसलेत?"

"पण मग तापले कशाने?" तहरीमने विचारलं.

त्याचं उत्तर लताबाईंना ठाऊक होतं, पुस्तकात वाचलं होतं. हे सॉफ्टवेअर निरोपाची वाट बघताना झोपत नाही. आला का, आला का, असं क्षणाक्षणाला बघत राहतं. काम करायला लागते तेवढीच ताकद वाट बघायलाही लागते. त्या मुलांना ते सांगू लागल्या आणि मध्येच त्यांनी खडू खाली ठेवला. त्या बाकावर बसल्या.

"अक्का, पाणी देऊ?"

"दे."

मनन फळ्याशी जाऊन डोकं खाजवत होता. "आमच्या दुकानात गिऱ्हाईक येऊन गप्पच उभं राहतं. पप्पा म्हणतात, आपण वाट बघायची नाही. या, बसा, काय दाखवू, असं आपणच आधी म्हणायचं."

"मग सगळेच आधी बोलले तर?" तहरीम म्हणाली. "बाजारच होईल. कुणीच ऐकणार नाही." तिने खडू उचलला. "एक सोडून एक. तापी आणि बोरी आधी बोलतील, गिरणा आणि पांझरा आधी ऐकतील. मग उलट."

"बोरी आधी बोलेल?" मनन हसला. "तो तर नाव सांगायला अर्धा तास घेतो."

"घेऊ दे. पण बोलेल."

तापी आणि बोरीसाठी दोन ओळी वरखाली केल्या, बाकी काहीच बदललं नाही. प्रोग्रॅम चारी यंत्रांवर पुन्हा उतरवला आणि सुरू केला. पडद्यावर पत्र्याचं चित्र उमटलं, एका कडेला लाल, बाकी निळं. फेरीफेरीने लाल रंग पुढे सरकू लागला. तापीचा पट्टा ओलांडला, गिरणाचा ओलांडला. बोरीच्या अरुंद पट्ट्याशी थोडा अडखळला, आणि पलीकडे गेला.

मुलं ओरडत बाहेर पळाली, खऱ्या पत्र्याला हात लावून बघायला. उखर्डू त्यांच्यामागे ओरडत गेला. लताबाई खोलीत एकट्या राहिल्या. बराच वेळ त्या बोरीच्या पेटीकडे बघत होत्या.

मुलं परत आली तेव्हा त्यांनी उखर्डूकडून किल्ली घेऊन तहरीमच्या हातात ठेवली. "दोन दिवस तुम्ही सांभाळा. मी पुण्याला जातेय."

"का, अक्का?"

"मूळ म्हणून."

उखर्डूला हसू आवरेना. "बाईमाणूस मूळ जास का, अक्का? कधी आयकं नही."

"मीपण नाही ऐकलं, उखर्डूभाऊ. ऐकायची वाट बघत बसले तर आखाजी जाईल."

बिबडे घरात होतेच. डबाही तोच. सकाळच्या गाडीने लताबाई धुळ्याला उतरल्या. रुपचंद कुठल्या फलाटावरून पुण्याची गाडी धरत, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. त्या दोनदा चुकल्या आणि मग एका कंडक्टरने दाखवलं. खिडकीची जागा मिळाली. डबा मांडीवर घेऊन त्यांनी फोन लावला.

"सारिका, धुळ्याच्या स्टँडवर आहे मी. पुण्याच्या गाडीत बसलेय."

"काय झालं? आई, बरी आहेस ना?"

"बरी आहे. तुझं मूळ येतंय."

पलीकडे काहीच आवाज नव्हता. पूर्वी अशा वेळी लताबाई थांबल्या असत्या. आज त्या थांबल्या नाहीत. त्यांनी सांगायला सुरुवात केली. शाळेची खोली, चार यंत्रं, हिरवी पट्टी, म्हातारा बोरी, त्याच्यासाठी शोधलेली जुनी आवृत्ती, पत्र्याचे पट्टे. "आणि अख्खा दिवस नुसती घोंगावत बसली गं. उत्तरच देईनात. आम्हाला वाटलं, काम चाललंय."

"सगळे आधी ऐकायला बसले असतील," सारिका म्हणाली. तिच्या कामातली ती साधी चूक होती, उत्तर तिच्या तोंडून आपोआप आलं. आणि मग ती एकदम थांबली.

"हो," लताबाई म्हणाल्या.

स्टँडवर कुणीतरी शिरपूर, शिरपूर असं ओरडत होतं.

"आई," सारिका म्हणाली, "मागच्या वर्षी मी पिशवी भरून ठेवली होती."

"मी चादर घातली होती."

ड्रायव्हर चढला, गाडी हादरली. लताबाईंनी फोन खांद्याने कानाशी दाबला आणि दोन्ही हातांनी डबा धरला.

"बोरीला कितीचा पट्टा दिलात?" सारिकाने विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"अगदी अरुंद. तहरीमने ठरवलं. तिला आणि मननला भेटशील तू. अगं, आणि तो पांझरा म्हणजे एवढासा..."

गाडी स्टँडबाहेर पडली आणि तासाभराने गिरणेच्या पुलावर आली, तरी फोन चालूच होता. नदीत पाणी नव्हतं. शेजारची जागा रिकामी होती. एक माणूस तिथे बसायला आला, लताबाईंनी पाय आवरून त्याला जागा दिली आणि बोलत राहिल्या.